अकोल्यात उघडलेली जिल्द

चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या पुस्तकाची नुसती बांधणी बघून मी त्याचं गाव सांगतो, अशी पुण्यात माझी ख्याती आहे. ती मीच पसरवल्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल शंका नको.

अमरावतीच्या नलिनीताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वडिलांच्या कपाटातल्या लॅटिन पुस्तकाचा फोटो त्यांनी मला पाठवला. बघताच ओळखलं: व्हेनिस! चामड्यावर सोन्याची वेलबुट्टी आणि कोपऱ्यात दुर्मिळ दुहेरी फूल. दहा मित्रांना लगेच कळवलं. ताईंना मात्र फोनवर म्हणालो, "किरकोळ आहे. तरी येतो, घेऊन जाईन." आम्हा संग्राहकांत याला व्यासंग म्हणतात.

सकाळी बडनेऱ्याला उतरून अमरावतीत पोचलो. ताईंनी गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) पुढे ठेवला. तोंडात घास असतानाच मी विचारलं, "पुस्तक?"

"ते अकोल्याले दिलं, जिल्दसाजाकडे (पुस्तकं बांधणाऱ्याकडे). तुमच्यासारख्या जाणकाराच्या हाती फाटकं कसं द्यायचं?"

दही माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं.

दोघंही अकोल्याच्या बसमध्ये बसलो. ताई तुरीची शेतं दाखवत होत्या. मला फक्त नव्या जिल्दीचं लाल रेक्झीन दिसत होतं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'लॅटिन बुक'.

रहीमभाईंचं दुकान म्हणजे कोर्टाच्या रजिस्टरांचे ढीग आणि खळीचा वास. मधोमध मलमलीवर माझं व्हेनिस सुटं होऊन पडलं होतं. मी ओरडलोच.

"काहून ओरडून राहिले जी?" साठीचे रहीमभाई शांतपणे म्हणाले. "एक तुकडाबी फेकला नाही. पुठ्ठा फुगला होता, म्हणून खोलला. पाहा, आत काय निघालं."

पुठ्ठ्याच्या आत जुने छापील कागद एकावर एक चिकटवलेले होते. "तिकडचेबी रद्दीच वापरत होते," ते खुशीत म्हणाले. या विषयावर मी दोन व्याख्यानं दिली आहेत. प्रत्यक्ष पाहिलं आज पहिल्यांदा.

"आणि हे दुहेरी फूल?" मी सावरत विचारलं.

"दुहेरी कुठचं! ठसा हलला, म्हणून तिकडच्या कारागिरानं वरून पुन्हा मारला. मीबी असंच झाकतो."

मी तो पुठ्ठा उचलून उजेडात धरला. रहीमभाई ताईंकडे वळले. "बाई, तुमी तर किरकोळ म्हनत होत्या. साहेबाचे हात पाहा. किरकोळ चीज कोनी अशी धरते का?"

दोन्ही तळव्यांवर मी तो तान्ह्या बाळासारखा धरला होता. लपवायला जागा नव्हती.

"किती जुनं आहे?" ताईंनी विचारलं. तो वर्गातला आवाज होता.

"साडेचारशे वर्षं तरी."

"मग फोनवर?"

"अंदाज चुकला."

"चुकला नाही. तुम्ही चुकवला."

पुस्तक मला मिळणार नव्हतं, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. मात्र दुकान बंद होईपर्यंत बसून अभ्यास करायला परवानगी मिळाली. रहीमभाईंनी स्टूल दिलं, चहा मागवला. त्या कारागिराची चुकलेली आणखी तीन फुलं त्यांनी मला शोधून दाखवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कोणाला काही न शिकवता ऐकत बसलो.

पुण्यात परतल्यावर नाशिकच्या एका वृद्ध गृहस्थांना फोन लावला. त्यांच्याकडून 'किरकोळ' म्हणून घेतलेल्या एका पुस्तकाबद्दल थोडं खरं सांगायचं राहिलं होतं. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, बाबा झोपलेत, नंतर करा.

एवढ्यावर सुटलो असं मानायची माझी जुनी सवय. या वेळी मात्र तासाभरानं पुन्हा फोन केला.