खुंटाचे फुटवे

माझ्या बहिणीच्या मुलीने एक जात तयार केली आहे. माणसाएवढी उंच, अंगावर साल, डोक्यावर पालवी. लहानपणी चालते, मोठी झाली की एका जागी मुळं धरते. तिचं नाव रुखी. बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या ज्या कंपनीत पोरगी नोकरी करते, तिच्या गेममध्ये ही रुखी आहे. तिला पोरं कशी होतात ते मात्र माझ्याकडून नेलंय.

ती मला अक्का म्हणते. जे. पी. नगरच्या माझ्या रोपांच्या नर्सरीतली माणसं मला अक्का म्हणायची, तेच ऐकून ती बोलायला शिकली. बहीण आणि तिचा नवरा मस्कतला गेले तेव्हा पोरगी रांगत होती. तिथे जम बसला की घेऊन जाऊ, असं ठरलं होतं. जम बसला, पैसे साठले, पुण्यात फ्लॅट झाला, पण पोरगी माझ्याकडेच राहिली. दहावीला चांगले मार्क पडले आणि बहीण तिला पुण्याला न्यायला आली. फोनवर मात्र पहिल्या दिवसापासून बजावलेलं होतं, आई म्हणायचं ते फक्त मला. मी ते पाळलं. फुटपाथवर रोपं विकण्यापासून मी धंदा उभा केला, भावात मला कुणी हरवलेलं नाही, पण त्या सौद्यात मी एक अक्षर बोलले नाही. तो राग अजून गेलेला नाही.

शिकून ती नोकरीसाठी परत बेंगळुरूला आली ती पुण्याचं मराठी घेऊन. लग्नही ठरलं. अशाच एका रविवारी नर्सरीत आली. मी गुलाबांना डोळे भरत बसले होते. जंगली गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, सालीखाली चांगल्या गुलाबाचा एक डोळा सरकवायचा आणि पट्टी आवळून बांधायची. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची. मुळं देतो त्याला आम्ही खुंट म्हणतो.

"अक्का, बी न लावता झाडांना मुलं कशी होतात, सगळं सांग ना. गेमसाठी एक स्पीशीज डिझाइन करतेय."

"फुकट?"

"यात पण सौदा? बरं, काय घेशील?"

"तुझं कन्यादान मी आणि तुझे काका करणार."

ती चाकूशी खेळत राहिली. मग म्हणाली, "बघू."

बघू म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण ती दर रविवारी येत राहिली आणि मी सांगत राहिले. डोळा धरला की खुंटाचा शेंडा छाटायचा, नाहीतर रस वर पळतो आणि डोळा उपाशी मरतो. खुंट गप्प बसत नाही, सांध्याखालून स्वतःचे फुटवे काढतो. ते कोवळे असतानाच अंगठ्याने खुडायचे. एकदा सोडले तर तेच माजतात आणि वरचं कलम वाळतं. तिला यातलं बरंच येत होतं. शाळेत असताना तिने स्वतः एका गुलाबाला डोळा भरला होता. ती कुंडी माझ्या दारात होती, गडद लाल फुलायची. ती पुण्याला गेल्यावर त्याचे फुटवे मीच खुडत आले.

लग्नाच्या खरेदीला बहीण पुण्याहून आली, तेव्हा पोरीने माझ्या घरी लॅपटॉप उघडून रुखी दाखवली. रुखीच्या खांद्यावर एक डोळा फुगतो. तो पिकला की ती मुळं धरलेली दुसरी रुखी शोधते, तिच्या पोटाची साल चिरते, डोळा आत ठेवते आणि स्वतःच्या केसांनी बांधून निघून जाते. जाताना त्या दुसरीचं डोकं छाटते. रस सगळा डोळ्याकडे वळतो. त्यातून पिल्लू फुटतं, वाढतं आणि एक दिवस साल फाडून चालायला लागतं. खुंट तिथेच उभा राहतो, बिनडोक्याचा.

"अगं, पिल्लू किती गोड आहे," बहीण म्हणाली. "आईवर गेलंय."

"खुंटाला काय मिळतं?" मी विचारलं.

"काही नाही. तिला कळतच नाही, अक्का. डोकंच नसतं ना."

"दुखत पण नाही?"

"दुखलं तर प्लेयर बटण दाबणार नाही. सगळा गेम अडेल."

"फुटवे येतात तिला?"

"येतात. पिल्लू चावून टाकतं."

"एकीला तरी नाही म्हणू दे. चिरायला आलं की साल मिटून घेऊ दे तिने."

"खेळ आहे गं तो," बहीण म्हणाली. "त्यात कसला भाव करतेस?"

"सरी, ठीक आहे," पोरगी मला म्हणाली. "एक ठेवते तशी."

तेव्हाच मी कन्यादानाचा विषय काढला. माझे हे उठून पंखा वाढवायला गेले. बहिणीने चहाचा कप खाली ठेवला.

"मुहूर्ताला आई-बापच बसतात. आम्ही दोघं हयात आहोत की नाही?"

"मी हिला विचारतेय."

पोरगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "अक्का, तू पहिल्या रांगेत बस ना. फोटोत पण छान येशील."

मग माझा तोल गेला. मी तिला सांगितलं, जे तिला कधी सांगायचं नाही असं ठरलं होतं. म्हटलं, तू रांगत होतीस तेव्हा मला दिवस गेले होते. या तुझ्या आईने मस्कतहून फोन केला, आत्ताच नको गं, माझ्या पोरीची आबाळ होईल. तुझ्या काकांना घेऊन मी दवाखान्यात गेले आणि पोट पाडून आले. नंतर कधी राहिलंच नाही.

बहीण रडायला लागली. तिला ते पहिल्यापासून जमतं. पोरीने लॅपटॉप मिटला.

"मी सांगितलं होतं का तुला?" ती म्हणाली.

"तुला बोलता येत नव्हतं."

"मग मला कशाला ऐकवतेस?"

त्या दिवसापासून दारातल्या गुलाबाला मी हात लावला नाही. खाली एक फुटवा आला, मग दोन आले, मग मोजायचं सोडून दिलं. यांनी एकदा खुडायला हात पुढे केला तर मी अशी ओरडले की त्यांनी पुन्हा तिकडे बघितलं नाही. लाल कलम काळं पडत गेलं आणि वाळलं.

लग्नाच्या आधी गेम बाजारात आला. नर्सरीतल्या हिशेबनिसाने फोनवर लावून दिला. पोरीने शब्द पाळला होता. एका माळावर एक रुखी आहे, तिला चिरायला गेलं की साल मिटून घेते. तिच्या अंगावर तिचे स्वतःचे फुटवे आहेत. मी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग हिशेबनीस म्हणाला, "अक्का, हिचा उपयोग वेगळा आहे, बघा." त्याने कुऱ्हाडीचं चित्र दाबलं. जी नाही म्हणते ती सरपणाला चालते. तिची शेकोटी इतरांपेक्षा जास्त वेळ टिकते, असं खाली लिहून आलं.

लग्नाला मी ती कुंडी नेली. नवरीच्या खोलीत बहीण तिच्या मुंडावळ्या बांधत होती. मी कुंडी आरशासमोर ठेवली. जंगली फांद्या हातभर वाढल्या होत्या, नुसते काटे.

"हे काय आणलंस? एक फूल नाही याला," बहीण म्हणाली.

पोरीने वाकून मुळाशी बघितलं. तिला लगेच कळलं.

"माझा डोळा मेला," ती म्हणाली.

"हो."

"तू मारलास."

"मी खुडायचं थांबवलं, एवढंच."

वाटलं, रडेल. तिने शालूचा पदर खोचला आणि मेंदीच्या अंगठ्याने फुटवे मोडायला लागली. एकेक, अगदी बुडातून, मी शिकवलं होतं तसंच. जून झालेल्या फांद्या अंगठ्याने तुटेनात तेव्हा मुंडावळ्यांचे दोरे कापायला आईने आणलेली कात्री घेतली. बोटाला काटा लागून रक्त आलं, तेही तिने पुसलं नाही. शेवटी कुंडीत बोटभर खुंट राहिला. वर काळं लाकूड, खाली काही नाही.

"घे," कुंडी माझ्या हातात देत ती म्हणाली. "आता झालं बरोबरीचं."

बाहेर भटजी मुलीच्या आई-वडिलांना बोलवत होते. बहीण उठली आणि डोळे टिपत, साडी सावरत गेली. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारी हे होते, पायाशी कुंडी. फोटोवाला म्हणाला, मॅडम, ती कुंडी स्वल्प बाजूला घ्या, मध्ये येतेय. मी घेतली नाही.