फोटोखालची ओळ

"पुढची," मॅडम मंचावरून म्हणाल्या.

मी बटण दाबलं. पडद्यावर मी आले.

भिंतीएवढी मी. आमच्या आसगावच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभी. ओढणी कमरेला खोचलेली. सलवार पोटरीपर्यंत चढवलेली. अनवाणी पाय चिखलाने भरलेले. एक हात वर, हातात मोबाइल. चेहरा एका बाजूने दिसत होता. खाली इंग्रजीत एक ओळ होती. मराठीत तिचा अर्थ असा: दलित वस्तीतली एक अल्पशिक्षित स्त्री, नेटवर्कच्या शोधात.

सभागृह पुण्यातलं. इंटरनेटमुळे माणसांचं जगणं कसं बदलतं, याचा अभ्यास करणाऱ्या सात-आठ देशांतल्या केंद्रांची ती एकत्र बैठक होती. पहिल्या रांगेत आपल्याकडचे एक प्राध्यापक बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "टॉवरची आरती करतेय वाटतं." शेजारच्याने ते इंग्रजीत करून पाहुण्यांना सांगितलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मीही हसले.

हे एवढं वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

मग एक परदेशी बाई उठल्या. आमच्यासोबत काम करणाऱ्या तिकडच्या केंद्रातल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "या स्त्रीची परवानगी घेतली आहे का?" तेवढं इंग्रजी मला कळतं.

"हो, अर्थात," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या प्रत्येकीची लेखी संमती आमच्याकडे आहे."

पडद्यापासून दहा पावलांवर मी बसले होते. तेच नाक. तीच वेणी. इस्त्रीची साडी आणि पायात चप्पल, एवढाच फरक. एकानेही इकडे पाहिलं नाही. पडद्यावरची बाई आणि बटण दाबणारी बाई एकच असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"पुढची."

मी बटण दाबलं. मी गेले. तक्ता आला.

त्या फोटोतल्या दुपारी मी नेटवर्क शोधत नव्हते. कुठे मिळतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या वस्तीत रेंज नाही. पारीवर, चिंचेच्या झाडापासून थोडं पुढे गेलं की मिळते. पंधरा दिवसांतून एकदा मी तिथे उभी राहून अभ्यासासाठी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती पुण्याला पाठवायची. एकेक मुलाखत तासाभराची. फाइल जायला वेळ लागायचा, हात खाली आणला की मध्येच तुटायची. म्हणून हात वर. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते, पारीची माती निसरडी झाली होती, म्हणून चपला खाली काढून ठेवलेल्या. मॅडम दोन दिवसांसाठी गावी आल्या होत्या. मागून म्हणाल्या, "थांब, हलू नकोस." मला वाटलं, आठवण म्हणून काढताहेत. मी ओठ मिटून नीट उभी राहिले.

त्या मिनिटाला माझ्या हातातून त्यांचाच अभ्यास पुण्याला चालला होता.

मॅडम वाईट नाहीत. हे आधीच सांगते, कारण त्या वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माय रोवणी-निंदणीला जाते. बाबा भंडाऱ्यात बांधकामावर मजुरी करायचे, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. पवनीतून बीए केलं, नागपुरातून समाजकार्यात एमए. त्यानंतर दीड वर्ष घरी बसले. मग मॅडमच्या पुण्यातल्या केंद्राची जाहिरात दिसली. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "तुम्ही त्याच समाजातल्या ना? मग वस्तीत लोक तुमच्याशी मोकळं बोलतील." मला वाटलं, माझं शिक्षण कामी आलं. मी हो म्हणाले. लॅपटॉपवर पहिल्यांदा बोटं फिरवली ती त्यांच्या कार्यालयात. बाबा आजारी होते तेव्हा त्यांनी दोनदा फोन करून विचारपूस केली. आमच्या घरी आल्या तेव्हा मायच्या हातचा चहा प्याल्या. माय ते अजून सांगते.

काम असं होतं. वस्तीतल्या आणि आजूबाजूच्या बेचाळीस बायांना भेटायचं. घरात मोबाइल कुणाच्या हातात असतो, रेशनचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, फोटो कोण पाहतं, पासवर्ड कुणाला माहीत आहे, हे विचारायचं. त्याआधी संमतीपत्र वाचून दाखवायचं. ते पत्र परदेशातल्या केंद्राने इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत मी केलं. मायने मला शिकवलं त्याचं चीज झालं असं वाटलं होतं तेव्हा.

त्यात शेवटी एक वाक्य होतं. तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. नाही म्हटल्याने तुमचं कोणतंही नुकसान होणार नाही.

हे वाक्य मी भरभर वाचायची. कबूल करते. दिवसाला चार घरं करायची असायची. फक्त आमच्या घरामागे राहणाऱ्या कौसल्याकाकूने मला तिथे अडवलं. काकू विधवा, पुतण्याच्या घरात राहते, रोजगार हमीवर जाते.

"थांब वं. नाही म्हनाचं असन त कोनाले सांगाचं?"

"मले सांगजो काकू."

"अन् तू कोनाले सांगशीन?"

"मॅडमले."

"अन् तुयी मॅडम?"

"त्या बाहेरच्या देशातल्या केंद्राले कळवतीन."

"बाप्पा!" काकू म्हणाली. "मी आतापावतर नागपूर नाई पाह्यलं, अन् माहा नाही विमानात बसन?"

आम्ही दोघी खूप हसलो. मग तिने अंगठा दिला.

पुण्यातल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर तेच संमतीपत्र होतं. मी मराठीत केलेलं. कोरं.

"तो फोटो सगळ्यांना फार आवडला," त्या म्हणाल्या. "सगळ्या केंद्रांचा मिळून जो अहवाल निघतोय ना, त्याच्या मुखपृष्ठावर घेताहेत. पण त्या काल प्रश्न विचारणाऱ्या बाई आहेत, त्यांना फोटोचा वेगळा कागद हवाय. औपचारिकता आहे. इथे सही कर. तारीख मात्र मी गावी आले होते त्या दिवसाची टाक."

मी पेन उचललं. खरंच उचललं. सवयीने.

मग म्हणाले, "मॅडम, खाली जे लिहिलंय ती मी नाही."

"म्हणजे?"

"मी अल्पशिक्षित नाही. माझं एमए झालंय. मी नेटवर्क शोधत नव्हते, तुम्हाला मुलाखती पाठवत होते."

त्या हसल्या. प्रेमानेच. "अगं, मला माहीत नाही का? तुझा किती अभिमान आहे मला. पण तिथे तू म्हणजे तू नाहीयेस. ती एक प्रतिमा आहे."

"मग खरं ते लिहा. खाली लिहा, संशोधक मुलाखती पाठवताना."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तसं लिहिलं तर फोटोला काही अर्थच राहत नाही."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. समजावून सांगितलं. जसं मला एक्सेल समजावून सांगितलं होतं.

मी म्हणाले, "घरी विचारून सांगते." एवढंच जमलं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. परतीच्या प्रवासात डब्यातली एक मुलगी सारखी मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होती. एखादा पसंत नाही पडला की पुसून टाकायची. मी तिच्याकडे भंडारा येईपर्यंत पाहत होते.

फोटोची प्रत मॅडमनी कागदासोबत दिली होती. मायने ती दोन्ही हातांनी धरली.

"तुये पाय काहून असे दिसून रायले वं?"

मी खालची ओळ वाचून दाखवली. अर्थ सांगितला. मला वाटलं, माय चिडेल. माय म्हणाली, "कर ना बाई सही. फोटोच त आहे. कोनी मारलं काय तुले? त्या बाईनं लॅपटॉप देला, काम देलं. आपल्या घरी बसून चहा पेली ते. दुसरं कोन पेते?"

मायचं खोटं नव्हतं. चहा प्यायल्याचे उपकार आमच्याकडे अजून मोजतात, ही माझी खरी लाज आहे. फोटोपेक्षाही.

चार दिवस कागद लॅपटॉपच्या पिशवीत पडून होता. मॅडमचे दोन संदेश आले. दुसऱ्यात लिहिलं होतं, "तुझ्यामुळे सगळ्यांचं अडलंय." काम जाईल, हे मला दिसत होतं. पुढच्या टप्प्याची यादी त्याच महिन्यात ठरणार होती.

पाचव्या दिवशी कौसल्याकाकू निंबाच्या काड्या मागायला आली. मायने तिला सगळं सांगितलं. मायला वाटलं, काकू मला समजावेल. काकूने फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तूनंच वाचून देलं होतं ना मले? नाही म्हनलं त काई होत नाई म्हनून?"

"हो काकू."

"मंग तू भेवून काहून रायली?"

मी फोटो तिच्या हातातून परत घेतला.

"म्हंजे मले लबाड बोलली काय वं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि काड्या घेऊन ती निघून गेली, कारण तिला कामावर जायचं होतं.

मी ओट्यावर बसून राहिले. बेचाळीस घरं आठवत होते. बेचाळीस वेळा मी ते वाक्य माझ्या तोंडाने वाचलं होतं. माझी सही साक्षीदार म्हणून प्रत्येक कागदावर होती. मला नाही म्हणायची भीती वाटत असेल, तर त्या बायांनी कशाच्या भरवशावर हो म्हटलं? माझ्याच. माझ्या ओळखीच्या तोंडाच्या भरवशावर. मला त्यासाठीच तर घेतलं होतं.

त्याच दिवशी मी पवनीला गेले. संमतीपत्रावर 'माझी संमती आहे' या शब्दांवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, नाही. खाली सही केली. तारीख त्या दिवसाची टाकली. झेरॉक्सवाल्या दादाने कागद उलटसुलट पाहिला.

"ताई, इथं त खोडलं आहे तुमी. दुसरी कापी काढून देऊ का?"

"नको दादा. खोडलेलीच स्कॅन करा."

तो कागद मी मॅडमना पाठवला. त्यांना कळेल असा, उघडपणे, त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईंनाही पाठवला. सोबत तीन वाक्यं लिहिली. फोटोतली स्त्री मी आहे. मी या अभ्यासातली संशोधक आहे. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

परदेशातून दोन ओळींचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, फोटो वापरला जाणार नाही. मॅडमचं उत्तर एका ओळीचं होतं. "तू माझ्याशी बोलायला हवं होतंस." बोलले होते, मॅडम. तुमच्या टेबलासमोर उभी राहून बोलले होते.

पुढच्या टप्प्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. आमच्या भागात आता काम कमी आहे, असं कळवलं. लॅपटॉप कुरियरने परत मागवला. मी तो पुसून, वायर नीट गुंडाळून पाठवला.

मग अहवाल निघाला. मुखपृष्ठावर दुसरी बाई होती. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातली. हातात मोबाइल, पाय अनवाणी, चेहरा अर्धा. तिला विचारलं होतं का, मला माहीत नाही. ती त्या वेळी काय करत होती, तेही माहीत नाही. खालची ओळ जवळजवळ तीच होती.

म्हणजे नुकसान झालं. मी वाचून दाखवलेलं वाक्य खोटं निघालं.

तेव्हा मी पुन्हा बेचाळीस घरी गेले. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. ते वाक्य सावकाश वाचलं, आणि पुढे माझं सांगितलं. मी नाही म्हणाले, माझं काम गेलं. आता तुम्ही ठरवा. बऱ्याच जणी म्हणाल्या, राहू दे, आमचं कोण काय करते. काही जणी मला टाळू लागल्या. एकीच्या नवऱ्याने मला दारातूनच परत पाठवलं. अकरा जणींनी सांगितलं, आमचं काढून टाका. कौसल्याकाकू पहिली.

"पाठव विमानानं," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

अकरा नकार मी पुण्याला आणि अभ्यासात सामील असलेल्या प्रत्येक केंद्राला पाठवले. मराठीत वर, इंग्रजीत खाली. तीन केंद्रांनी काढल्याचं लेखी कळवलं. बाकीच्यांना मी दर महिन्याला लिहिते. उत्तर येईपर्यंत लिहिणार आहे. पारीवर उभं राहून, हात वर करून पाठवते. कुणाला फोटो काढायचा असेल तर आधी समोर येऊन विचारावं.

गेल्या आठवड्यात आणखी एका केंद्राचा माणूस प्रश्नावली घेऊन आला. भला मुलगा होता. त्याच्या पिशवीतही संमतीपत्रं होती. मी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि त्याच्यापुढे माझा कागद ठेवला. त्यात लिहिलंय: आमच्या वस्तीबद्दल जे लिहाल ते छापण्याआधी आम्हाला मराठीत वाचून दाखवाल. फोटोखालची ओळ फोटोतली बाई ठरवेल. काम आमच्यातल्या कुणी केलं असेल, तर तिचं नाव काम करणारी म्हणून लिहाल. कुणी नाही म्हटलं, तर तिचं काम जाणार नाही.

तो म्हणाला, "मला वर विचारावं लागेल."

"विचारा," मी म्हणाले. "सही झाल्याशिवाय एकाही घरात जाता येणार नाही. आणि तारीख त्याच दिवसाची टाकायची. मागची चालणार नाही."