चव्वेचाळीस ग्रॅम

"पायाला हात लावू नगा. पाय बदलला की पदार्थच बदलला. आकडा म्होरं लावा."

दहावीचा वर्ग रासायनिक समीकरणं संतुलित करू लागला, की प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूनं हा आवाज यायचा. मुलं घाईत सूत्रातला खालचा बारीक आकडाच बदलत. तो आकडा म्हणजे पाय. बोलणारे किसनतात्या, कळंबच्या आमच्या शाळेतले प्रयोगशाळा परिचर. त्यांचं काम परीक्षानळ्या धुण्याचं, शिक्षण नववी नापास. पण त्यांचे वडील डाळजला चुन्याची भट्टी लावत. चुनखडी भाजली की काय होतं, हे तात्यांना पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक होतं. ते समीकरण मुळातच जुळलेलं असतं, तरी मुलं सवयीनं सगळीकडे दोन लिहीत. "जुळलंय न्हवं? मग खिळं कशाला ठोकताय?" तात्या म्हणत.

मुलांनो, तुमच्या आजीचा व्यवस्थितपणा तुम्हाला माहीत आहे. मी तिथे मुख्याध्यापिका होते. साठ्याच्या तपासणीत चुनखडीचे शंभर ग्रॅम तुकडे नोंदलेले होते, बाटलीत छप्पन्न भरले. विज्ञानाचे सर रजेवर होते. मी शिक्षकांसमोरच विचारलं, "तात्या, बाकीचे कुठे गेले?"

"उडालं, बाई."

सगळे हसले. मला तो उद्धटपणा वाटला. मी लेखी खुलासा मागितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीत येऊन अर्धा कागद टेबलावर ठेवला. 'चुन्याची निवळी करणेसाठी तुकडे लोहाराच्या भट्टीत भाजून आणले. CaCO₃ → CaO + CO₂. शंभर ग्रॅमचा छप्पन्न ग्रॅम कळीचा चुना झाला. चव्वेचाळीस ग्रॅम वायू गेला. गेलेला पण लिहिला आहे.'

मी इंग्रजीची शिक्षिका. पुस्तक उघडून अणुवस्तुमानांच्या बेरजा केल्या. चूक कुठेच नव्हती. कागदावर 'खुलासा मान्य' लिहून सही केली. तात्यांनी तो वाचला, पण ते हलले नाहीत.

"ह्याचा अर्थ काय, बाई?"

"तुमचं म्हणणं मला पटलं."

"ते तुमाला कळतंय. माझी लेक हितंच आठवीला हाय. तिला कळंल असं लिवा."

मी खाली लिहिलं, 'किसनतात्यांनी चोरी केलेली नाही.' त्यांनी वाक्याखालून बोट फिरवत ते दोनदा वाचलं, एक प्रत मागून घेतली आणि नळ्या धुवायला गेले.

मागच्या महिन्यात तात्या गेले. मी बारामतीहून डाळजला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या लेकीनं ती प्रत काढून दाखवली. "आबा सगळ्यांना दावायचं," ती म्हणाली.

का दाखवत असतील, ते मला तिथे बसल्यावर कळलं. आरोप मी सगळ्या शिक्षकांसमोर केला होता. मागे मात्र घेतला तो दार लावलेल्या खोलीत. तेवढं काम तात्यांना आयुष्यभर स्वतः करावं लागलं.