वही घेऊन ये

त्याच्या बुटाखाली माझा पाय होता आणि मी त्याला सॉरी म्हणाले.

गुरुवारची दुपार होती. कंपनीच्या कंपाउंडमधला त्याचा व्हिला. गालिच्यावर दहा-बारा गोरी माणसं, हातात ग्लास. मधोमध मी. त्यानं सोफ्यावरची उशी माझ्या हातात दिली होती. ती उशी म्हणजे चेंडू.

"हलायचं नाही, हनी. चेंडू तुझ्याकडे आहे. मी तुला अडवणार."

तो चार पावलं मागं गेला. गुडघे वाकवले. हात लोंबते सोडले. आणि धावत आला. सव्वासहा फुटांचा माणूस. माझ्यापासून वीतभरावर येऊन थांबला. बूट तेवढा थांबला नाही.

सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एक बाई ओरडली, "अरे, ही तर अनवाणी आहे!" मग पुन्हा हसले.

"सॉरी, सर," मी म्हणाले.

चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या. कुणाच्या घरात शिरायचं तर चपला काढायच्या, एवढंच मला माहीत. आत गेल्यावर दिसलं, सगळे बुटांनिशी गालिच्यावर फिरतायत. परत जाऊन घालायची हिंमत झाली नाही.

मी तेव्हा वीस वर्षांची. बाबा त्याच कंपनीत स्टोअरकीपर. आम्ही कतारमध्ये, दोह्याच्या फरीज बिन ओमरान मोहल्ल्यात दोन खोल्यांत राहायचो. आम्हा तिघांचा दोह्यातला मुक्काम कंपनीच्या कागदावर, म्हणजे तिनं दिलेल्या व्हिसावर. कंपनीनं कागद मागं घेतला की खलास. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, शॉर्टहँड पक्कं, म्हणून ऑफिसात टायपिस्ट. सुरक्षा विभागाचा मॅनेजर तो. अमेरिकेत आठ मोसम व्यावसायिक फुटबॉल खेळलेला. त्यांचा फुटबॉल, हातानं खेळायचा, हेल्मेट घालून. तो लाइनबॅकर. समोरचा गडी चेंडू घेऊन कुठं पळणार ते आधी ओळखायचं आणि त्याला आडवा करायचा, हे त्याचं काम.

त्याला आपल्या आयुष्याचं पुस्तक करायचं होतं. रोज जेवणानंतर तासभर तो बोलायचा, मी वहीत उतरवायची आणि मग टाईप करायची. पोलादाच्या कारखान्याचं गाव. बापाचे भाजलेले हात. कॉलेजचं मैदान. पहिला करार. चार वह्या भरल्या.

"डोळ्यांकडे बघू नको," तो सांगायचा. "डोळे फसवतात. कंबर बघ. माणूस कंबरेच्या दिशेनंच पळतो."

मला ते पटायचं. मी पण बोलत नाही, बघते.

त्या गुरुवारी घरी गेले तेव्हा अंगठा काळानिळा झाला होता. आईनं मिठाच्या पाण्यात पाय ठेवला.

"चपला कशाला काढल्या व्हत्या गं?"

"इट्स अ कार्पेट, आई." घरी मी इंग्रजीतच उत्तर द्यायची.

बाबा म्हणाले, "साहेबांनी चेष्टा केली, माय. मोठ्या मनाचा माणूस हाय. कुठं बोलू नको."

ते उठून गेल्यावर आई हळूच म्हणाली, "गावात पाटलाच्या दारावरून जाताना तुझे बाबा चपला काढून बगलेत मारायचे. आपल्या वस्तीतल्या सगळ्यांनाच तसं जावं लागायचं. एकदा इसरले तर त्याच चपलेनं हाणलं. इथं आले, विमानात बसले, पण दार दिसलं की हात अजून पायाकडं जातो."

मी पाय पाण्यातून काढला. काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही.

शुक्रवारी सुट्टी. शनिवारी मी लंगडत ऑफिसात गेले. तो म्हणाला, "टाईप पायानं करत नाहीस ना?" स्वतःच हसला. "नर्सकडून सुई घे. बधिर झालं की संपलं."

नर्सनं सुई दिली, नख काढलं. मी थँक यू म्हणाले. दुपारी बारा पानं टाईप केली.

पुढच्या आठवड्यात गुडघ्याचा भाग आला. तो खिडकीकडे बघत बोलत होता. एसी घरघरत होता. सामन्याआधी डॉक्टर यायचा, गुडघ्यात लांब सुई घालायचा. गुडघा बधिर व्हायचा, हा पळायचा, लोक ओरडायचे. दोन मोसम असं चाललं. मग एका सकाळी राहायच्या खोलीचं दार वाजलं. दारात संघाचा एक माणूस. तो म्हणाला, "कोचनं बोलावलंय. वही घेऊन ये." वही म्हणजे डावांची वही, प्रत्येक खेळाडूला दिलेली. ती परत मागितली की कळायचं, तुला काढलं.

मी आजवर त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. "तुम्ही काय म्हणालात, सर?"

"थँक यू म्हणालो."

मग तो वळला. "ते खोड. लिही, 'मी मानानं निवृत्त झालो.'"

मी खोडलं नाही. पेन्सिल कागदावर तशीच धरून बसले. अंगठा ठणकायला लागला होता.

याला माहीत होतं. बुटाखाली असणं म्हणजे काय, हे याला माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्यानं बूट ठेवला.

त्यानंतरच्या एका गुरुवारी पुन्हा बोलावणं आलं. अमेरिकेहून मोठे साहेब आले होते. बाबांना स्टोअरमधून थंड बाटल्यांचे क्रेट आणायला सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांच्या चपला दाराबाहेर कोपऱ्यात होत्या, भिंतीला चिकटून, कुणाला दिसू नयेत अशा.

मी माझ्या सँडलचा पट्टा आवळला आणि आत गेले. पहिल्यांदा गालिच्यावर माझ्या टाचेचा ठसा उमटला. कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यानं उशी पुढं केली. "चला, आपली क्वार्टरबॅक आली!" क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात असलेला गडी, ज्याला हा आडवा करायचा.

मी उशी घेतली आणि सोफ्यावर परत ठेवली.

"नो, सर."

"अगं, खेळ आहे नुसता."

"खेळ मला माहीत आहे, सर. मीच टाईप केलाय."

कुणी हसलं नाही. मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. कंबरेकडे बघितलं. तो हलला नाही.

मागून आवाज आला, "सॉरी, सर." बाबा. हातात बाटल्यांचा ट्रे, पाय अनवाणी. माझ्या वतीनं माफी मागत होते.

मी बाहेर आले. थोड्या वेळानं ते आले. "बाबा, चपला घाला," मी मराठीत म्हणाले. त्यांनी चपला उचलल्या. घातल्या नाहीत. बगलेत धरून ते स्टोअरच्या पिकअप गाडीपर्यंत चालत गेले. तापलेल्या सिमेंटवरून. घराजवळ आल्यावर म्हणाले, "आता कागद गेला आपला, माय."

शनिवारी सकाळी ऑफिसचा क्लार्क माझ्या टेबलाशी आला. खाली बघत म्हणाला, "मॅनेजर बुला रहा है. नोटबुक सब लेके आना. यल्ला, जल्दी."

हे वाक्य मी ओळखत होते. मीच ते शॉर्टहँडमध्ये उतरवलं होतं.

चार वह्या घेतल्या. टाईप केलेली पानंही घेतली. त्यात 'थँक यू म्हणालो' तसंच होतं. सगळं त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं वरचं पान वाचलं. मान वर केली नाही. "जा तू," म्हणाला.

तो थांबला होता. मी थँक यू म्हणेन म्हणून. किंवा सॉरी.

मी दोन्ही म्हणाले नाही.

बाबांच्या कागदाचं काय होणार, हे अजून कळलेलं नाही. ते रोज स्टोअरमध्ये जातात, संध्याकाळी येतात, माझ्याशी बोलत नाहीत. परत जावं लागलं तर जाऊ. त्या गावातही जाऊ. पाटलाच्या दारावरून मी चालेन. सँडल घालून, पट्टा आवळून. बाबांच्या चपला बगलेत असतील तर त्या काढून त्यांच्या पायांपुढं ठेवेन. त्यांनी नाही घातल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवेन.

अंगठ्याचं नख वाकडं आलंय. दाबलं की दुखतं. मी दाबून बघते. बधिर होऊ देणार नाही.