दारं उघडी ठेवायचा दिवस

गावात कुलपं दुरुस्त करणारा एकच माणूस होता आणि त्याचं खरं नाव एका पोस्टमनला सोडलं तर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला खातरजमा म्हणायचे. पोरं खातरजमाकाका म्हणायची, एवढाच काय तो मान. नाव उगाच पडलं नव्हतं. दूध आलं की हा आधी वास घेणार, मग चमच्याने ढवळणार, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघणार आणि "खातरजमा केलेली बरी" म्हणून भांडं आत नेणार. रस्त्यात कोणी हसून बोललं तर घरी येऊन बायकोला विचारणार, हा आज एवढा गोड का बोलला? बायको म्हणायची, माणूस चांगला आहे म्हणून. हे उत्तर त्याला उभ्या आयुष्यात कधी पटलं नाही.

दोष सगळा त्याचाच होता असंही नाही. धंदाच तसला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, खिळखिळं झालेलं लाकडी बाक, त्यावर लोखंड घट्ट धरायचा शिकंजा, भिंतीवर कानशी आणि तारेला टांगलेल्या किल्ल्यांचे झुबके. हा भिंतीला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसायचा. पाठीमागून कोणी यायला नको ना! आणि येणारं गिऱ्हाईक तरी कसलं? आज सासू येणार, सुनेला उघडता येणार नाही असं कुलूप द्या. पुढच्या आठवड्यात सून येणार, सासूला उघडता येणार नाही असं द्या. नवरा येणार, बायकोच्या पेटीच्या किल्लीचा साबणावरचा ठसा रुमालात बांधून. कोणत्या घरात कोण कोणापासून काय लपवतं हे सगळं याच्या डोक्यात. अशा माणसाने जगावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

थोरला भाऊ पलीकडच्या गल्लीत लोखंडी दारं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. म्हणजे दोघंही भाऊ गावाच्या संशयावरच पोट भरत होते. फक्त एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण होतं एक पितळी कुलूप. गावात चारदोन घरं होती तेव्हा यांचे आजोबा इथे आले. त्या काळी म्हणे कोणी दाराला कडीसुद्धा लावत नसे. पुढे धान्याचं कोठार बांधलं तेव्हा आजोबांनी तळहाताएवढं पितळी कुलूप घडवलं. गावातलं पहिलं. कोठार पडलं आणि कुलूप घरी आलं. वडिलांनी ते कपाटात ठेवलं होतं, अधूनमधून काढायचे, घासून लख्ख करायचे, कळ दाबून त्याचा खटका ऐकायचे आणि परत ठेवायचे. वडील गेल्यावर भावंडांनी मिळून कपाट उघडलं, तर कुलूप नाही. धाकट्याने थोरल्याकडे बघितलं. त्याच क्षणी थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. झालं! तोंडातून चकार शब्द निघाला नाही, पण बघणं दोघांनाही कळलं. सरळ चोर म्हणाले असते, हाणामारी झाली असती, तर चार दिवसांत मिटलं असतं. बघण्याचं भांडण मिटवायचं कसं?

वर्षं गेली. पोरांची लग्नं झाली, ती दुसरीकडे गेली, पण थोरल्याच्या गल्लीतून जायची वेळ आली की हा वाट वाकडी करायचा. बायको शंभरदा म्हणाली असेल, मामंजी कोणालाही काहीही उचलून द्यायचे, छत्र्या दिल्या, सायकल दिली, तसं कुलूपही दिलं असेल कोणाला तरी. हा म्हणायचा, तू गप्प बस, तुला त्याच्या पोटातलं माहीत नाही.

दोन घरांमधला धागा म्हणजे अक्का. सगळ्यात मोठी बहीण. नवरा लवकर गेला, शिवणकाम करून एकटी राहायची. आजारपण याच्याकडे असो की त्याच्याकडे, औषधाची बाटली आणि निरोप घेऊन अक्काच येणार. याला सांगणार, "तो तसा नाही रे." तिकडे जाऊन त्यालाही तेच सांगणार. दोघंही हूं म्हणणार आणि दोघंही मानणार नाहीत.

तर असं सगळं चाललेलं असताना गावाला शंभर वर्षं झाली आणि नको ते उकरून निघालं.

सोहळ्यासाठी नेमलेल्या समितीच्या प्रमुख शाळेच्या मुख्याध्यापिका. बाई मोठ्या हौशी. बँड होता, पोत्यात पाय घालून पळायची शर्यत होती, मुख्य रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. इथवर ठीक. पण बाईंनी सभेत जाहीर केलं की त्या दिवशी सकाळपासून जेवणापर्यंत गावात एकही दार बंद राहणार नाही. पहिल्या माणसांनी जसे दिवस काढले तशी एक सकाळ आपण काढू. कोणीही कोणाच्याही घरात जावं, बसावं, पाणी प्यावं, गप्पा माराव्यात.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. उभा राहून म्हणाला, यामागे कोणाचं डोकं आहे ते आधी कळू द्या. बाई म्हणाल्या, माझंच. याने विचारलं, मग तुम्हाला लोकांच्या घरात काय बघायचंय? सभा खो खो हसली. मागून कोणीतरी ओरडलं, धंदा बसेल म्हणून घाबरलाय. हा खाली बसला, पण मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली.

सभा संपल्यावर बाईंनी त्याला बाजूला घेतलं. प्रदर्शनाला ते पितळी कुलूप पाहिजे होतं. हा म्हणाला, थोरल्याकडे मागा. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे जाऊन आले, ते म्हणतात तुमच्याकडे मागा. त्यांनी चष्म्यावरून असं काही बघितलं, जणू दोघंही भाऊ मिळून गावाची वस्तू दाबून बसलेत. हा घरी आला तो तळपायाची आग मस्तकात घेऊनच. एवढा निर्ढावलेपणा! कुलूप स्वतः लपवून वर माझं नाव सांगतो!

आणि मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दारं उघडी म्हणजे थोरल्याचंही दार उघडं. आपण आत जाऊ शकतो. कोणी हटकणार नाही. कुलूप सापडलं की ते सरळ प्रदर्शनाच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, सगळ्या गावासमोर. मग बघू कोण कोणाकडे मान वर करून बघतं ते.

त्या सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बायकोला शंका आली, पण तिला घाई होती. तिला गावातली सगळी स्वयंपाकघरं बघायची होती, विशेषतः डॉक्टरीणबाईंचं. जाताना बजावून गेली, घरात थांबा, कोणी आलं तर पाणी द्या, आणि कृपा करून कोणाच्या पिशवीत डोकावू नका. हा हो म्हणाला. ती कोपऱ्यावरून वळली, तसा हाही निघाला. दार उघडं टाकताना जीव तीळतीळ तुटत होता, पण काम मोठं होतं.

रस्त्याला काही वेगळंच रूप आलं होतं. जिकडे बघावं तिकडे लोक एकमेकांच्या घरातून बाहेर पडत होते, हसत होते. न्हाव्याच्या खुर्चीवर पोलीसपाटलाची आई बसून सरबत पीत होती. याला ते सगळं बघून अंगावर काटा आला. उद्या तक्रारी येतील तेव्हा कळेल, म्हणत तो थोरल्याच्या दारात पोचला.

वहिनी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना पाणी देत होती. याला बघून तिने हातातला पेला खाली ठेवला. "या ना भाऊजी," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. थोरला बाहेर गेला होता. हा म्हणाला, घर बघतो जरा. बघा की, तुमचंच आहे, ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली.

आतली खोली थोरल्याची. खिडकीला जाळी, जाळीच्या आत आणखी एक जाळी. दाराला आतून तीन कड्या. बघून याला बरं वाटलं, माणूस अगदीच वाया गेलेला नव्हता. पलंगाखाली ट्रंक होती आणि ट्रंकेला कुलूप. हातात घेऊन बघतो तर त्याच्याच दुकानातलं! कोणाच्या तरी हातून मागवलेलं. आता चोराने आपला माल कोणत्या कुलपात ठेवावा, तर ज्याच्याकडून चोरला त्याच्याच! रागही आला आणि थोडं फुगायलाही झालं. खिशातली तार घातली, एक हिसका दिला, कुलूप सुटलं.

आत ब्लँकेटं, जुने कोट, वडिलांचा एक मफलर. आणि एका मोठ्या पाकिटात गुडघ्यांचे एक्स-रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांसकट. बरेचसे, वेगवेगळ्या वर्षांचे. हा ते उजेडाकडे धरून बघत राहिला. दादाचे गुडघे गेले होते. दादा, जो याला खांद्यावर बसवून नदीपलीकडे न्यायचा. अक्का सांगत असेलही, आपण ऐकलं नसेल.  एक्स-रे परत पाकिटात घालून त्याने गादी उचलून बघितली, कपाटाच्या वर हात फिरवला. कुलूप नव्हतं.

वहिनी दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे. उघड्या ट्रंकेकडे तिने बघितलं, याच्या हातातल्या तारेकडे बघितलं.

"मिळालं का?" तिने विचारलं. याने तार घाईने खिशात घातली. तीच पुढे म्हणाली, "नाही मिळायचं. आमच्याकडे असतं तर तुमचे दादा आत्ता तुमच्या घरात कशाला शोधत बसले असते?"

हा धावत सुटला. घरी येऊन बघतो तर दार जसंच्या तसं उघडं आणि आत थोरला भाऊ याच्या कपाटासमोर जमिनीवर बसलेला, भोवती खालच्या खणातले कपडे पसरलेले. याला बघूनही तो उठला नाही. उठता येत नव्हतं. खाली वाकला होता आणि गुडघे आखडून तिथेच अडकून पडला होता.

"बघतोस काय," थोरला म्हणाला, "हात दे."

याने काखेत हात घालून त्याला उचललं. जड होता. खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली.  मग याने चहा टाकला, दुसरं काय करणार?

 अर्धा कप झाल्यावर थोरल्याने विचारलं, तुझ्याकडे नाही ना? हा म्हणाला, नाही. तुझ्याकडे? नाही. आणि नवल म्हणजे दोघांचाही लगेच विश्वास बसला. स्वतःच्या हाताने झडती घेतल्यावर न बसून सांगतो कोणाला? याला एकदम इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. थोरलाही हसला, हसताना गुडघा दुखला तशी शिवी हासडली, मग दोघंही पोट धरून हसले. इतकी वर्षं! दादा आपला होता, आपलाच होता. याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

डोळे पुसता पुसता थोरला थांबला. "मग बाबा गेले तेव्हा घरात आणखी कोण होतं?"

याने कप खाली ठेवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फार वर्षांनी दोघांच्या मनात एकच गोष्ट एकदम आली आणि ती बोलून दाखवायची गरज पडली नाही.

तेवढ्यात अक्का आली. घरोघरी फिरून दमली होती, हातात कापडी पिशवी होती. दारातून तिला हे दोघं एका टेबलाशी बसलेले दिसले आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळत नसावं. म्हणाली, आता डोळे मिटले तरी चालतील. मग उठली, याच्या गालावरून हात फिरवला, थोरल्याच्या केसांवरून फिरवला, माझी पोरं ती माझी पोरं म्हणाली. पिशवी टेबलावर ठेवून ती आतला रुमाल शोधू लागली आणि दोघंही भाऊ त्या पिशवीकडे बघू लागले.

तिला रुमाल सापडला. डोळे पुसून तिने वर बघितलं.

"काय रे, असं काय बघताय?"

बोलू नये हे याला कळत होतं. जीभ टाळूला चिकटली असती तर बरं झालं असतं. पण जन्माची सवय, ती ऐकते का? "अक्का," तो म्हणाला, "बाबांचं कुलूप तू शेवटचं कधी बघितलं होतंस?"

 अक्काने आधी याच्याकडे बघितलं, मग थोरल्याकडे. थोरल्याने नजर कपात घातली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला.

"इतकी वर्षं मी याच्याबद्दल त्याला सांगत होते आणि त्याच्याबद्दल याला," ती हळू म्हणाली. "तो तसा नाही रे, तो तसा नाही. माझ्याबद्दल तुमच्यातल्या एकालाही एकदा तसं म्हणता नाही आलं?"

तिने पिशवी उलटी करून टेबलावर झटकली. चष्म्याची डबी, सुपारीचं खांड, दोऱ्याची दोन रिळं. मग एकेक वस्तू परत आत भरली, सावकाश, आणि निघून गेली. बाहेर बँड वाजत होता.

याला धावत जाऊन तिचे पाय धरावेसे वाटले. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तो उठलाही अर्धा.

"पण बघितलंस का," थोरला म्हणाला, "विचारलेल्याचं उत्तर तिने दिलं नाही."

हा परत खाली बसला. त्याच्याही मनात नेमकं तेच आलं होतं.