देवरावने अकरा वेळा तोडलेली गोष्ट

तहसील कचेरीसमोरच्या कडूनिंबाखाली लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या देवराव रामटेकेचं टेबल होतं आणि टेबलावर टाइपरायटर. चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं होत आली, तरी त्याची बोटं सवयीनं मथळ्यात ‘जिल्हा चंद्रपूर’ मारत आणि मग खोडत बसत. बाकी माणूस तरबेज. कोणी तासभर रडो, भांडो, शेजाऱ्याच्या बैलाची कुंडली मांडो, देवराव त्याला पाच ओळींत बसवून द्यायचा. ‘मी खाली सही करणार’ इथून गाडी सुटली की थेट ‘आपला नम्र’वर थांबायची, मधे स्टेशन नाही. घरीही तो अंजनाबाईला मुद्द्याचं बोल म्हणून टोकायचा. ती म्हणायची, माझा अर्ज नामंजूर समजा, पण जेवून घ्या.

पंच्याऐंशीच्या मार्चात वरोऱ्याची सत्यशीला टेपरेकॉर्डर घेऊन आली. भाषाशास्त्रात पीएच.डी. करत होती. कचेरीत येणारी माणसं कशी बोलतात हा तिचा विषय. एवढ्यासाठी कोणी शिष्यवृत्ती देतं हे देवरावला पटेना. पण टेपवर आपला आवाज येणार म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा टेरिकॉट शर्ट घालून आला आणि दोन दिवस बातम्या वाचल्यासारखा बोलला. शेवटी चहावाला मुखरूच म्हणाला, “देवरावभाऊ, घसा बसला का आकाशवाणीवर लागले?” तिसऱ्या दिवसापासून देवराव मशीन विसरला. सत्यशीला याचीच वाट पाहत होती.

त्याच दिवशी बुधरीबाई आली. भामरागडच्या वाटेवरच्या एका जंगलगावातली, साठीची बाई. अठ्ठ्याहत्तरच्या आधीपासून जंगलातली जमीन कसत असल्याचं दाखवलं की तिच्या मालकीचा सरकारी पट्टा मिळायचा. तिचा अर्ज दोनदा परत आला होता, शेरा एकच: पुराव्याअभावी. आता शेवटची तारीख सात दिवसांवर होती. ती चुकली की नवऱ्यासोबत फोडलेलं दोन एकर रान गेलं. बाई सांगू लागली, देवरावने नेहमीसारखं विचारलं, आणि वीस मिनिटांत तिसऱ्यांदा तेच पाच ओळींचं टाइप करून दिलं. अर्ज उद्या आत देऊ, असं सांगून तिला बसमध्ये बसवलं.

संध्याकाळी सत्यशीलाने त्याला कामाला लावलं. बुधरीबाईचं जंगलातलं बोलणं तिला पुरतं कळेना, म्हणून टेप ऐकून जसंच्या तसं लिहून द्या, म्हणाली. देवरावने अर्ध्या तासात कागद आणून दिला: ‘अर्जदार बाईचे नम्र म्हणणे असे की.’

सत्यशीला हसून हसून लाल झाली. “भाऊ, बाई अशी बोलली का?”

“बोलली नाई. पण तिचं म्हणणं हेच हाये ना.”

“ते तुमचं म्हणणं हाये. तिचं टेपमधी हाये. चला, दोघं मिळून ऐकू.”

मग तिनं आपली रीत दाखवली. शब्द तर लिहायचेच, पण कोणी कोणाला मधेच तोडलं तिथं तिरपी रेघ मारायची, आणि कोणी गप्प झालं तर घड्याळात सेकंद मोजून तेही मांडायचे. देवरावला ही गंमत वाटली, लहानपणी गोट्या मोजायचा तसा तो रेघा मोजू लागला. मजा फार टिकली नाही. सगळ्या रेघा त्याच्याच होत्या. बाई म्हणे, “दाराच्या फळीवर...” की हा म्हणे, “मुद्द्याचं सांगा.” बाई पुन्हा फळीवर येई, हा विचारे, एकर किती. अकरा रेघा झाल्या. त्यानंतर बाई गप्प. सत्यशीलाने मोजलं, नऊ सेकंद, आणि त्यात नुसता टाइपरायटरचा खडखडाट. मग बाईचा आवाज, अगदी शांत: “लिवा मंग, तुमच्या मनाचं.”

देवरावने टेप मागं नेली. पुन्हा नेली. चौथ्यांदा तो खुर्चीतून उठलाच. रेघांच्या मधे मधे तुटकं का होईना, बाईनं सगळं सांगितलं होतं. शेतातल्या खोपडीत राहत होतो, माणसं मोजणारे आले, त्यांनी दाराच्या फळीवर डांबरानं नंबर टाकला.

“जनगणना,” देवराव म्हणाला. “एकाहत्तरची. पोरी, मी वकिलाचं डोस्कं घेऊन फिरून राह्यलो आन् पुरावा दोनदा माह्याच टेबलावरून परत गेला.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं निघाले. टाइपरायटर घरी, टेपरेकॉर्डर मांडीवर. फाट्यावरून सहा मैल चालणं. मोहफुलं पडायचे दिवस, बुधरीबाई झाडाखाली टोपली घेऊन सापडली. देवराव जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, बाई, पहिल्यापासून सांग. ती आधी संशयानं पाहत राहिली. मग सुटली ती अडीच तास. देवराव फक्त ‘हं’ म्हणत होता. मधे तीनदा त्याचे ओठ ‘मुद्द्याचं’ म्हणायला उघडले, तीनदा सत्यशीलाने डोळे वटारले. खोपडी पडली तेव्हा नवऱ्यानं फळी तेवढी आणली होती, हे त्यातच निघालं. ती आता धान साठवायच्या ढोलीवर झाकण होती. बाईनं उलटी करून दाखवली. डांबराचा नंबर, आणि बाजूला ७१.

शेवटच्या तारखेला अर्ज तीन पानी झाला, बाईच्या बोलण्यातला. फळी बुधरीबाईनं स्वतः डोक्यावरून आणली, कोणाच्या हाती देईना. आतला कारकून पानं मोजून म्हणाला, देवराव, आज पुराण आणलं का? देवराव म्हणाला, साहेब, वाचा, आज मीही ऐकूनच राह्यलो. कारकून उभ्यानं वाचायला लागला आणि दुसऱ्या पानावर बसला. मग फळी टेबलावर घेतली, नंबर जनगणनेच्या जुन्या यादीत शोधला. सापडला, मौजा आणि नवऱ्याच्या नावासकट. त्याने ‘पुरावा पाहिला’ असं लिहून सही केली, शिक्का मारला. पट्टा आला पुढच्या उन्हाळ्यात.

अर्ज दिला त्या दिवशी बाहेर निंबाखाली आल्यावर बुधरीबाई म्हणाली, नवऱ्यानं ते रान कसं फोडलं हे अजून सांगायचं राहिलंच. रांगेत सहा माणसं ताटकळत होती. देवरावने टाइपरायटरमधला कागद काढून घेतला, मुखरूला दोन चहा सांगितले आणि म्हणाला, “हं.”