लोखंड्याचा आवाज

मायाक्काचं दुकान म्हणजे एक पोतं. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानावर, टुरिंग टॉकीजच्या तंबूच्या डाव्या अंगाला, कनातीला पाठ लावून ती बसायची. पोत्यावर ओळीनं पत्र्याचे यंत्रमानव. तेलाच्या डब्याचं पोट, बाटलीच्या बुचांचे डोळे, छातीवर लाल ठिपका. पाठ दाबली की आतली पट्टी टकटक वाजायची.

"घ्या लोखंड्या! खात न्हाय, पीत न्हाय, सासूला उलटून बोलत न्हाय!"

लोखंड्या हे नाव तिच्या नवऱ्यानं ठेवलेलं. धुळाप्पानं. मूळचा मंगळवेढ्याकडचा धनगर. मेंढरं गेली, सोलापुरात आला आणि या टॉकीजच्या मालकाच्या, श्रीमंतशेठच्या तंबूत खांब रोवायच्या कामाला लागला. त्र्याहत्तरच्या गड्ड्यात शेठनं मुंबईहून एक जपानी कार्टून सिनेमा आणला. समुद्रातून राक्षस येतात, एक भलामोठा यंत्रमानव, तोच हा लोखंड्या, त्यांच्याशी लढतो. सगळी बोली जपानी. पहिल्या खेळाला लोकांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. तेव्हा धुळाप्पानं सिनेमाचा आवाज बंद करायला लावला, पडद्याच्या कडेला उभा राहिला आणि माईक हातात घेतला.

मी तेव्हा नववीत. धाकट्या भावाला घेऊन पुढं वाळूत बसले होते. राक्षसानं शहरातला उंच मनोरा मोडला तसा धुळाप्पा गरजला, "ए भाड्या! मनोरा मोडलास, आता रातच्याला लाईट काय तुझी आत्या लावणार?"

मग राक्षसाचा किनरा आवाज काढून, "चुकलं की वो दाजी!"

"दाजी म्हंतोस? मग बहीण कुटं हाय तुजी?"

तंबू हसून लोळला. पुढं मी नाटकाचं शिक्षण घेतलं, आवाजाचे धडे गिरवले. पण एका गळ्यातून राक्षस, म्हातारा शास्त्रज्ञ, रडणारं पोर आणि लोखंडाचा माणूस काढणारा दुसरा कुणी पाहिला नाही. शेवटी यंत्रमानव जखमी होऊन समुद्रात चालत जायचा. तिथं धुळाप्पा आवाज अगदी खाली आणायचा. "रडू नगा रं. पाणी गार हाय. जरा पडतो."

तंबूबाहेर खांबावर भोंगा होता. त्यामुळं बाहेर बसलेल्या मायाक्काला सगळं ऐकू यायचं. आत यंत्रमानव गरजला की बाहेर ती लोखंड्याची पाठ दाबायची, टकटक! पोरं आयांचे पदर ओढायची.

तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी धुळाप्पाच्या छातीनं दगा दिला. खोकून खोकून आवाज बसला, आणि गड्डा भरायच्या आतच तो गेला. तंबू कर्नाटकात निघून गेला. मायाक्का आमच्याच गल्लीत धुणीभांडी करत राहिली. तरी दर संक्रांतीआधी बसून लोखंडे करायचीच. "आज न्हाय तर उद्या तंबू येईल की," म्हणायची.

एकोणऐंशीत आला. मी सुट्टीला पुण्याहून घरी होते. मायाक्का दारात उभी. लग्नातलं इरकल नेसलेली, केस चापून बसवलेले.

"पोरी, चलतीस का माझ्यासंगं? आत जायचंय. मला एकटीला तितलं काय कळत न्हाय."

"मायाक्का, तू जन्मात कधी आत गेली नाहीस ती?"

"येळ कुटं हुता? पोतं कुणी राखायचं?" मग जरा लाजून म्हणाली, "मालकाचा आवाज ऐकायचाय."

मला वाटलं, धुळाप्पाची आठवण म्हणून म्हणतेय.

नेहमीच्या जागी तिनं पोतं अंथरलं, शेजारच्या फुटाणेवाल्याला राखायला सांगितलं आणि आम्ही आत बायकांच्या बाजूला बसलो. दिवे गेले. पडद्यावर तोच समुद्र, तोच मनोरा. मायाक्कानं माझं मनगट धरलं. यंत्रमानवानं तोंड उघडलं आणि भोंग्यातून गुळगुळीत हिंदी आलं, "ठहर जा शैतान!"

तिची पकड सुटली नाही. "ह्यो दुसरा कुनीतरी हाय," ती कुजबुजली. "मालकाचं पुढं आसंल."

राक्षस बोलला, हिंदीत. म्हातारा बोलला, हिंदीत. प्रत्येक वेळी ती मान पुढं करायची आणि मागं घ्यायची. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ती खरंच धुळाप्पाचा आवाज यायची वाट बघत होती. शेवटी यंत्रमानव समुद्राकडं निघाला. मायाक्काचे ओठ आधीच हलू लागले होते, "रडू नगा रं..." भोंगा म्हणाला, "अलविदा, दोस्तो!"

दिवे लागले. ती तडक श्रीमंतशेठपाशी गेली. तो आता म्हातारा झाला होता, तिकिटाच्या खिडकीपाशी विडी ओढत होता.

"शेठ, मालकाचा आवाज कुटं गेला वो?"

"आँ? कोण, मायाक्का वैनी? कसला आवाज?"

"लोखंड्याचा. रिळात भरलेला हुता न्हवं. मी इचारलं हुतं त्यास्नी, आत काम खांबादोरांचं करता, तर आवाज तुमचा कसा येतो? तर म्हनले, शेठनं रिळात भरून घेतलाय. जाताना बी म्हनले, मी मेलो तरी तंबू येईल, तवा ऐक."

शेठनं विडी टाकली. माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"वैनी, तेनं तुमची चेष्टा केली असंल. रिळात जपानी हुतं. धुळाप्पा तर रोज हितं हुबा राहून तोंडानं बोलायचा. आता कंपनीनंच हिंदी करून दिलंय."

"तोंडानं?"

"व्हय. रोज. रोज येगळं काय काय. एकदा तर राक्षसाला म्हनला, माझ्या बायकूपुढं तू काय बी न्हाईस! लोकं हसून मेली."

"ऐकलं हुतं त्ये," मायाक्का म्हणाली. "म्या बी हसले हुते. रिळातली बायकू म्हनून."

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग विचारलं, "कुटं हुबा ऱ्हायचे?"

शेठनं आत नेलं. पडद्याच्या डाव्या कडेला, कनातीला लागून, बोट दाखवलं. "हितं. खोक्यावर."

मायाक्कानं कनातीवर हात ठेवला. पलीकडं माणसांची वर्दळ, फुटाणेवाल्याची हाक. तिचं पोतं बरोबर तिथंच, त्या कापडाच्या पलीकडं अंथरलेलं होतं.

"माझी पाठच लागत हुती की वो त्यास्नी."

शेठनं कनातीची दोरी उगाच ओढून बघितली.

"मला वाटायचं, रिळातच हायत, बघू की कवातरी. कुटं पळून जातंय." तिनं हात काढला नाही. "कापड तर सारायचं हुतं नुसतं."

पुढच्या खेळाची घंटा झाली. लोक आत घुसू लागले. मी म्हटलं, "चल मायाक्का, घरी जाऊ."

"तू जा. मी बसते जरा."

ती बाहेर गेली, पोत्यावर बसली आणि पाठ कनातीला टेकली. आतून हिंदी गरजायला लागलं. एक पोरगं येऊन उभं राहिलं, "आज्जे, वाजवून दाव की."

"घे, तूच वाजव," ती म्हणाली. डोळे मिटलेले, डोकं कापडाला चिकटलेलं. "मी ऐकतीया."